टाचेचा फोड आणि चार दिवसांचं "ठीक आहे"

जिच्याबद्दल हे आहे तिनंच मला लिहायला सांगितलं, फक्त नाव नको म्हणाली, म्हणून इथे तिला ताईच म्हणतो. मी नाशिकला फिजिओ आहे, गेली बरीच वर्षं सायकलवाले, मॅरेथॉनवाले, ट्रेकर असे लोक बघतोय. २०१५ ला इथले दोन डॉक्टर महाजन बंधू रेस अक्रॉस अमेरिका ही सायकलची शर्यत पूर्ण करून आले तेव्हापासून नाशिकमध्ये काहीतरी अचाट करायचंय म्हणणारे लोक वाढले, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण ग्रीनलँडचा बर्फ स्कीवरून ओलांडायचाय असं म्हणणारी ताई पहिलीच.

ताई ४४ वर्षांची, सहकारी बँकेत नोकरी, दोन मुलं, पक्की शाकाहारी. सह्याद्रीतले बरेच किल्ले झालेले, हिमालयात दोन मोठे ट्रेक झालेले, आणि त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर सासूबाईंसोबत दोनदा पायी पंढरपूर. ही वारीची गोष्ट पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. डोक्यात खूळ शिरलं ते रीना कौशल धर्मशक्तूंमुळे, २००९ मध्ये स्की करत दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या पहिल्या भारतीय बाई. ताई म्हणाली ध्रुव माझ्या बजेटबाहेर आहे डॉक्टर, पण ग्रीनलँड जमेल, बारा वर्षं आरडी भरलीये.

सगळे त्याला आइस कॅप क्रॉसिंग म्हणतात, खरं तर ती साधी टोपी नाही, साधारण १७ लाख चौरस किलोमीटर पसरलेली चादर आहे, म्हणजे आपला महाराष्ट्र साडेपाच वेळा बसेल एवढी, आणि मध्यभागी जाडी ३ किलोमीटरच्या घरात. नेहमीचा रस्ता पश्चिमेला कांगरलुसुआक गावाच्या वर बर्फाच्या कडेला सुरू होतो आणि पूर्व किनाऱ्यावर इसॉर्तोकच्या बाजूला उतरतो, साधारण ५५० किलोमीटर, चार आठवडे, मधे अडीच हजार मीटरपर्यंत चढ. दुकान नाही, झाड नाही, दगडसुद्धा नाही. सरकारी परवानगी लागते, शोध आणि सुटकेचा विमा दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. ताईच्या तुकडीत सहा जण आणि एक नॉर्वेचा गाईड. प्रत्येकाच्या कमरेला पल्क बांधलेली, म्हणजे फायबरची लांबट घसरगाडी, त्यात तंबू, रॉकेल, खाणं सगळं. ताईची पल्क पहिल्या दिवशी ६२ किलोची होती आणि ताई स्वतः ६४ किलोची.

तयारीबद्दल मला अभिमान आहे, तो लपवत नाही. इथल्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमधून ट्रकचे दोन जुने टायर आणले, हार्नेस शिवून घेतला, आणि जूनपासून आठवड्यात चार दिवस पहाटे पाचला गंगापूर डॅमकडच्या रस्त्यावर ते ओढणं. दुधाच्या गाड्या थांबायच्या, एका आजींनी तर विचारलं बाई कसला नवस बोललीस गं. ताई तोंड भरून हसली आणि म्हणाली, मोठा आहे आजी. रविवारी अंजनेरी नाहीतर ब्रह्मगिरी, पाठीवर वीस किलो. मार्चपर्यंत ती दोन टायर लावून सलग सहा तास चालत होती, पन्नास मिनिटं चाल आणि दहा मिनिटं थांबा, बर्फावर असतं तस्संच. पाय आणि कंबर दोन्ही तयार होते, दम तयार होता.

खाण्यावर तर आम्ही डोकं फोडून काम केलं. थंडीत एवढं ओढायचं म्हणजे दिवसाला पाच हजारच्या आसपास कॅलरी लागतात आणि त्या कमी वजनात बसवायच्या तर स्निग्ध पदार्थाशिवाय पर्याय नाही. १८८८ मध्ये नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन आणि त्याचे पाच साथीदार हा बर्फ पहिल्यांदा ओलांडून गेले तेव्हा त्यांनी सोबत नेलेल्या सुक्या मांसातली चरबी काढून टाकलेली निघाली आणि वाटभर त्या सहाही जणांचा जीव चरबीसाठी तळमळला, पोट भरायचं पण भूक जायची नाही. ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग आपलं तूप आहे की. डिंकाचे लाडू, शेंगदाणा-गुळाचे लाडू, तुपात परतलेला रव्याचा सांजा कोरडा करून, आणि चिवडा. पण लाडू उणे तापमानात दगड होतो. निफाडला पारा उतरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, त्याला आपण कडाका म्हणतो, तेवढ्यावर ही परीक्षा होणार नव्हती. दिंडोरी रोडला एका ओळखीच्या माणसाचं फ्रोझन मालाचं स्टोअर आहे, उणे १८, तिथे आम्ही लाडू एक रात्र ठेवले आणि सकाळी ताईनं दाताखाली धरला तर दात वाजला, लाडू नाही. मग सगळे लाडू सुपारीएवढे वळले. एक गालात धरायचा, चालता चालता विरघळतो. हातमोजे घालून बकल लावणं, झिप ओढणं, हे सगळं त्याच स्टोअरमध्ये बटाट्याच्या पाकिटांच्या मधे उभं राहून केलं. एवढं सगळं तपासलं, आणि टाच तपासली नाही.

आता बर्फावर काय झालं ते. यातलं बरंचसं ताईनं परत आल्यावर सांगितलं, थोडं तिच्या तंबूतल्या जोडीदारणीनं नंतर मला कळवलं.

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट असतात कारण पल्क सगळ्यात जड आणि चढ सगळ्यात तीव्र, कडेचा बर्फ उंचसखल फुटलेला, घसरगाडी मागे ओढते, आडवी होते, उलटते. स्कीखाली केसाळ पट्टी चिकटवलेली असते म्हणजे मागे घसरायला होत नाही, बूट फक्त पुढच्या बाजूने स्कीला अडकवलेला आणि टाच प्रत्येक पावलाला उचलते. आता हिशोब करा, दिवसाला २० किलोमीटर, पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे एका टाचेच्या वाट्याला तेरा हजारांहून जास्त उचली. त्यात मोज्यांचा एक प्रकार असतो जो आपल्याकडे कुणाला माहीत नाही, पातळ मोजा, त्यावर चक्क प्लास्टिकची पिशवी, त्यावर जाड लोकरी मोजा. पिशवी कशाला, तर पायाचा घाम बुटाच्या फेल्टमध्ये, म्हणजे आतल्या जाड दाबलेल्या लोकरीच्या अस्तरात, जाऊ नये म्हणून, कारण एकदा फेल्ट भिजून गोठला की महिनाभर तो सुकत नाही आणि मग बोटं जातात. पिशवी बूट वाचवते. पण पाय दिवसभर स्वतःच्या घामात शिजतो, कातडी पांढरी मऊ पडते, धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी, आणि मऊ ओली कातडी आतल्या हाडाबरोबर सरकत नाही, आतल्या आत फाटते. फोड वरच्या घासण्यानं येतो असं लोकांना वाटतं, तो खरा या ओढाताणीनं येतो. म्हणून रोज संध्याकाळी पिशवी काढून पाय कोरडे करणं, बघणं, पावडर लावणं हे तिथे जेवणाइतकं महत्त्वाचं काम आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताईच्या उजव्या टाचेला चटका बसायला लागला. त्या क्षणी थांबून पट्टी लावली असती तर हा लेख झालाच नसता. पण ओळीत सात जण चाललेले, वारा समोरून, थांबायला अजून चाळीस मिनिटं, आणि तिच्या मनात आलं की माझ्या एकटीसाठी सगळ्यांना थंडीत उभं कशाला करायचं. संध्याकाळी गाईडनं प्रत्येक तंबूत डोकं घालून विचारलं, पाय कसे आहेत, ताई म्हणाली मस्त.

चौथ्या दिवशी फोड आला, लिंबाएवढा. रात्री जोडीदारीण बर्फ वितळवत बसलेली, स्टोव्हचा आवाज, ताईनं स्लीपिंग बॅगमध्ये पाठ करून दुरुस्तीच्या डबीतली सुई काढली, लायटरवर धरली, आणि फोडातून दोरा ओवून ठेवला. वारीत करतात ना तसं, दोरा आत ठेवायचा म्हणजे पाणी निथळत राहतं. वारीत तिच्या सासूबाईंनीच शिकवलं होतं तिला. दोरा कसला, तंबू शिवायचा जाड नायलॉन. आणि सकाळी त्याच्यावर परत पातळ मोजा, परत पिशवी, परत नऊ तास.

इकडे मला रोज सॅटेलाइटवरून एक छोटा मेसेज यायचा, तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र उलटून गेलेली, मी उठून बघायचो. "दिवस ५, १८ किमी, हवा छान, पाय ठीक." "दिवस ६, १९ किमी, पाय ठीक." "दिवस ७, १४ किमी, पाय ठीक." हे सगळे मी जपून ठेवलेत. सातव्या दिवसाचे १४ किलोमीटर मला खटकायला हवे होते, वाटलं हवा खराब असेल. तुकडीचा वेग तिच्यामुळे पडला होता. उजवी टाच वाचवायला ती पाय बाहेर फेकून चालत होती, त्यानं डावी मांडी भरून आली, चाल मंदावली की अंगात ऊब तयार होत नाही, ऊब नाही म्हणून जास्त कपडे, जास्त कपड्यांनी चढावर घाम, थांबलं की तो घाम गार. आणि मागचा मंदावला की पुढचे सहा उभे राहून गारठतात. म्हणजे जे टाळायला ती गप्प बसली होती नेमकं तेच रोज होत होतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी जोडीदारणीला तिच्या उशाशी वाळत घातलेल्या मोज्यावर तपकिरी डाग दिसला. ती इंग्लंडकडची बाई, पन्नाशीची, नर्स होती आधी. ती काही बोलली नाही, सरळ ताईच्या स्लीपिंग बॅगची चेन उघडली आणि पाय मांडीवर घेतला. ताई म्हणते तेव्हा मला रडू फुटलं, दुखतंय म्हणून नाही, कुणीतरी पाय हातात घेतला म्हणून.

टाचेवर चार सेंटीमीटरची उघडी जखम, दोरा कडेला रुतून बसलेला, भोवती लाली, हात लावला की गरम. गाईड आला. मला या माणसाबद्दल लिहायचंच आहे. तो रागावला नाही, पण गोडही बोलला नाही. त्यानं आधी दोरा भिजवून काढला, जखम धुतली, मग खिशातून बॉलपेन काढलं आणि लालीच्या कडेकडेनं पायावर रेघ मारली, शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. म्हणाला, उद्या सकाळी लाली या रेषेच्या बाहेर गेली, किंवा ताप आला, तर मी फोन करतो आणि तू घरी जातेस, यावर चर्चा नाही. रेषेच्या आत राहिली तर चर्चा. मग त्यानं सॅटेलाइट फोनवर त्यांच्या सल्लागार डॉक्टरला गाठलं, किटमधलं अँटिबायोटिक सुरू केलं. मी वीस वर्षांत बरेच हुशार डॉक्टर पाहिलेत, पण उणे २५ मध्ये एका बॉलपेनच्या रेघेवर पुढचे वीस दिवस ठरवणं, आणि ते पेशंटला आधीच स्पष्ट सांगून ठेवणं, हे मला फार मोठं वाटलं.

नववा दिवस मुक्काम. लाली रेषेच्या आत. गाईडनं फोमच्या मॅटचा तुकडा कापून मधे भोक पाडलेला गोल केला, मेदूवड्यासारखा, जखम भोकात आणि दाब आजूबाजूला. फेल्टच्या आतल्या बुटाची टाचेकडची बाजू सुरीनं खरवडून जागा केली. पिशवी रात्री लगेच काढायची आणि झोपेपर्यंत टाच उघडी. तिच्या पल्कमधलं १४ किलो सामान काढून पाच जणांनी आपसात वाटून घेतलं. ताई म्हणते तो दिवस सगळ्यात जड गेला, पल्क हलकी झाली तो.

आणि मग डाय-टू. हे एक विचित्र ठिकाण आहे, शीतयुद्धातलं अमेरिकन रडार स्टेशन, १९८८ मध्ये सोडून दिलेलं, बर्फाच्या सपाटीवर काळा डबा आणि वर पांढरा घुमट, दोन दिवस आधीपासून दिसतं आणि जवळच येत नाही. त्याच्या जवळ स्की लावलेली लष्करी विमानं सरावाला उतरतात, म्हणजे माणसांचा थोडाफार वावर असणारी वाटेतली शेवटची जागा. तिथून पुढे पूर्व किनाऱ्यापर्यंत काही झालं तर हवामान उघडायची वाट बघायची. म्हणून गाईडनं सांगितलं होतं, निर्णय तिथे. बाराव्या दिवशी पोचले. त्यानं तीन गोष्टी पाहिल्या, लाली किती मागे हटली, आठ तास चालून संध्याकाळी जखमेतून काही येतंय का, आणि तिसरी म्हणजे ताई स्वतःहून पाय दाखवायला येते का. तिसरीबद्दल त्यानं तिला आधी सांगितलं नव्हतं. ती नवव्या दिवसापासून रोज न बोलावता येत होती. तो म्हणाला, चल.

नान्सेनचं एक सगळ्यांना आवडतं, तो मुद्दाम ओसाड पूर्वेकडून पश्चिमेच्या वस्तीकडे निघाला, म्हणजे मागे फिरायचा मोहच नको. भाषणात फार वापरतात हे. पण गाईड घेऊन जाणारी आजची मोहीम बरोबर उलट्या तत्त्वावर चालते, मागे फिरायची जागा आधी नक्की करायची, तिथे काय बघायचं ते ठरवायचं, आणि ती जागा येईपर्यंत कुणी काही लपवायचं नाही. गाईडला पैसे देतो ते वाट दाखवायला नाही, वाट जीपीएसवर असते. त्याच्या निर्णयासाठी देतो, आणि त्याला खोटी माहिती दिली तर तो निर्णय आपण स्वतःच मोडीत काढतो.

आता ताई का गप्प बसली. मी तिच्याशी यावर तीन-चार वेळा बोललो, ती प्रामाणिकपणे बोलली. आपल्याकडे सोसणं हा गुण आहे. बाईनं सोसलं तर जास्तच. पाय फुटले तरी वारी केली, ताप असताना स्वयंपाक केला, असं आपण कौतुकानं सांगतो. आणि वारीत ते चालतं, कारण तिथे रात्री मुक्कामाला कुणीतरी तेल घेऊन येतं, माउली पाय द्या म्हणतं, औषधवाले बसलेले असतात, अगदीच झालं तर टेम्पोत बसता येतं. सोसणाऱ्याच्या भोवती शंभर हात असतात. बर्फावर सात माणसं आणि त्यांचं मोजून घेतलेलं रॉकेल. तिथे एकाचं न सांगितलेलं दुखणं सातांच्या रॉकेलातून वजा होतं. ताईचे शब्द असे, "मला वाटत होतं मी त्यांना त्रास देत नाहीये, आणि मी रोज तेच करत होते."

पण सगळं तिच्यावर टाकणं बरोबर नाही, यात माझा वाटा आहे आणि तो लहान नाही. फेब्रुवारीत ते बूट आले तेव्हा ती अंजनेरीला ते घालून आली होती, लोक बघत होते तरी. उतरताना म्हणाली, डॉक्टर उजवी टाच उचलतीये आत. मी म्हणालो, नवीन आहेत, बसतील. चामड्याचा बूट पायाला बसतो, हा जाड फेल्टचा ढगळा बूट असा बसत नाही, तिथे टाच धरून ठेवायला आतून बदल करावा लागतो. मी पाहिलंच नाही. त्याच्या आधीही टायर ओढताना दोनदा मांडी ओढतीये म्हणाली होती आणि मी म्हणालो होतो होतं तेवढं, चल पुढे. म्हणजे दहा महिने मी तिला शिकवत होतो की सांगितलं की हेच उत्तर मिळतं. ती शिकली. आणि मेसेजमध्ये पाय ठीक हे दोन शब्द मीच ठरवून दिले होते, रोज लिहायला सोपे पडावेत म्हणून.

पुढचं थोडक्यात सांगतो कारण पुढे टाचेनं त्रास दिला नाही. बाविसाव्या आणि तेविसाव्या दिवशी पूर्व उतारावर वादळ, तिकडे त्याला पिटेरॅक म्हणतात, बर्फाच्या माथ्यावरची गार जड हवा किनाऱ्याकडे कोसळते. फेब्रुवारी १९७० मध्ये यानंच तासिलाक गावाची वाताहत केली होती, आणि एप्रिल २०१३ मध्ये अशाच वादळात ब्रिटिश तुकडीतला एक जण गेला. बर्फाच्या विटा कापून तंबूभोवती भिंत, दोन रात्री आळीपाळीनं बाहेर जाऊन ती उकरत राहणं. मुक्कामाचा तो एक दिवस गेला नसता तर ते वादळाआधी खाली असते का, असं मी गाईडला विचारलं, तो म्हणाला असं कधी सांगता येत नाही आणि तसं धरूही नये. मला मात्र तो प्रश्न सुटलेला नाही. एकोणतिसाव्या दिवशी सगळे सात जण उतरले. ताईचं वजन ५७.

आल्यावर तिसऱ्या दिवशी मी टाच पाहिली. जखम भरत आलेली, कडेला दोऱ्यानं कापल्याची बारीक आडवी खूण, ती राहणार. उजव्या पायावर बॉलपेनच्या निळ्या रेघेचा अगदी पुसट माग अजून होता, तिनं मुद्दाम घासला नव्हता. पूर्ण भरायला सहा आठवडे लागले, त्यानंतरही त्या जागेला थंडी लवकर लागते आणि नवीन कातडी पातळ आहे, म्हणून पावसाळाभर टायर बंद, नुसतं पोहणं.

माझ्याकडे आता लांबच्या मोहिमेला जाणारे अजून दोघं तयारी करतायत. त्यांच्या कागदावरून पाय कसे आहेत हा प्रश्न मी काढून टाकलाय. दर रविवारी चालून झालं की रस्त्याच्या कडेला बसायचं, बूट-मोजे काढायचे आणि दोन्ही टाचा एकमेकांना दाखवायच्या, फोटो मला पाठवायचा, सगळं उत्तम असलं तरी. गेल्या रविवारी ताईही आली होती, पोहून झाल्यावर. त्यातला एक मुलगा म्हणत होता काही नाही मॅडम, किरकोळ आहे. ताई खाली बसली आणि त्याच्या बुटाची नाडी सोडायला लागली.